कापसाच्या गावात पिस्तुलाची निगा कशी राखावी? तेल कोणते, किती आणि कुठे?

प्रश्न : पऱ्हाटीवाला, यवतमाळ जिल्हा

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे .32 बोअरचे देशी बनावटीचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. ते मूळचे वडिलांचे असून त्यांच्या पश्चात वारस म्हणून रीतसर अर्ज केल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. आमचा कापूस खरेदीचा व्यवसाय आहे आणि हंगामात रोख रक्कम घेऊन आडवाटेने यावे-जावे लागते, म्हणून वडिलांनी ते घेतले होते. गेल्या पाच वर्षांत त्यातून दहा-बारा गोळ्यांपेक्षा जास्त झाडल्या गेलेल्या नाहीत.

2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुकांच्या वेळी पिस्तूल ठाण्यात जमा करावे लागले. दुसऱ्यांदा परत मिळाले तेव्हा स्लाइडवर, म्हणजे मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, तपकिरी ठिपके दिसले आणि ती मागे ओढताना मध्येच अडखळू लागली. जमा करताना मीच ते नीट तेल लावून दिले नव्हते, त्यामुळे दोष मी कोणाला देत नाही. वडील घरातले जवसाचे तेल लावत असत आणि मीही तेच करत आलो. आता स्लाइडच्या कडांना पिवळसर, चिकट पापुद्रा धरला असून त्यात रुईचे तंतू आणि काळा मळ रुतून बसला आहे. सोबत मिळालेले माहितीपत्रक केव्हाच हरवले.

गावातील एका जाणत्या गृहस्थांनी गंज चिंचेने घासून काढण्यास सांगितले, तर लेथवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या फिटरने पूर्ण खोलून साफ करून देण्याची तयारी दाखवली. दोघांचा हेतू चांगला असला तरी मला धीर होत नाही. कोणते तेल वापरावे, ते किती लावावे, पिस्तूल स्वतः कुठपर्यंत खोलावे आणि गंजाचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : माजी आर्मरर, बुलढाणा जिल्हा

राम राम भाऊ. लष्करात माझी सारी नोकरी शस्त्रदुरुस्तीत गेली आणि निवृत्तीनंतरही ओळखीच्या परवानाधारकांना निगा कशी राखावी ते मी शिकवतो. तुमच्यासारख्या पिस्तुलांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. रोज झाडले जाणारे शस्त्र रोज पुसलेही जाते. वर्षानुवर्षे पेटीत पडून राहणारे मात्र आपल्याकडचा पावसाळा आणि हिवाळ्यातील रुईची धूळ यांच्यामध्ये हळूहळू खराब होते आणि मालकाला ते नेमके गरजेच्या वेळी कळते.

प्रथम फिटरबद्दल. त्याला नकार द्या. शस्त्र अधिनियम 1959 नुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो, तेव्हा काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच गेले पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या हाती पिस्तूल तिथे पाठवायचे झाल्यास तुम्ही सोबत असावे किंवा त्याच्याजवळ तुमचे लेखी अधिकारपत्र असावे. फिटरचा हात कितीही कसबी असला तरी ट्रिगरच्या पेटीतील एखादी कड किंचित घासली गेली, तर धक्का लागताच गोळी सुटण्याचा धोका निर्माण होतो.

आता रिकामे करण्याविषयी, कारण यात क्रम चुकला की माणसे दगावतात. आधी मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची डबी) काढून बाजूला ठेवावे आणि मगच स्लाइड मागे ओढावी. हा क्रम उलटा झाला, तर चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाच्या घरातले) काडतूस बाहेर पडते खरे, पण पुढे जाताना तीच स्लाइड मॅगझिनमधले दुसरे काडतूस आत नेऊन ठेवते, आणि धरणारा मात्र पिस्तूल रिकामे झाले असे समजून बसतो. मॅगझिन काढल्यावर स्लाइड मागे धरून चेंबरमध्ये उजेडात डोळ्यांनी पाहावे, मग करंगळीचे टोक लावून चाचपावे. तुमच्या पिस्तुलात हे दोनदा करा, कारण चिकटलेला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढणारा आकडा) प्रत्येक वेळी काडतूस ओढून काढेलच असे नाही. काडतुसे दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावीत आणि नळीचे तोंड सारा वेळ अशा दिशेला असावे, जिकडे माणूस किंवा जनावर नाही. कुडाची भिंत गोळी अडवत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

खोलायचे ते फक्त स्लाइड, तिची स्प्रिंग, निघत असल्यास नळी, आणि मॅगझिन, इतकेच. प्रत्येक बनावटीची खोलण्याची रीत वेगळी असते, म्हणून माहितीपत्रकाशिवाय अंदाजाने जोर लावू नका. ज्या विक्रेत्याकडून काडतुसे घेता त्याच्याकडून ती रीत एकदा प्रत्यक्ष करून दाखवून घ्या आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवा. दबलेली स्प्रिंग सुटून थेट डोळ्यावर येते, त्यामुळे चष्मा आवश्यक आहे.

जवसाच्या तेलाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागात ते घरोघरी असते आणि चांगल्या विश्वासाने लावले जाते. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते आणि त्याचा घट्ट पापुद्रा बनतो; रंगकामात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये त्याला मान आहे तो या गुणामुळेच. जुन्या बंदुकीच्या लाकडी दस्त्याला ते उत्तम, पण सरकणाऱ्या पोलादावर तोच गुण घातक ठरतो. शेंगदाण्याचे तेलही कालांतराने चिकट होते, आणि खोबरेल आपल्याकडच्या थंडीत थिजते. गाडीचे वापरलेले ऑइल तर मुळीच नको, त्यात काजळी आणि आम्ले असतात. शस्त्रांसाठी मिळणारे खनिज तेल घ्यावे. ते मिळेपर्यंत शिवणयंत्राचे पातळ तेल चालते, मात्र ते उन्हाळ्याच्या 45 अंशांत लवकर ओघळून जाते आणि गंजापासून संरक्षणही कमी देते, म्हणून वरचेवर लावावे लागते.

स्लाइड अडखळण्याकडे दुर्लक्ष करू नका. .32 च्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांना एकमेकींत जखडणारी रचना नसते. काडतूस पेटल्यावर पुंगळी मागे रेटली जाते, ती स्लाइडला ढकलते, आणि स्लाइडला थोपवते ते केवळ तिचे वजन आणि स्प्रिंगचा जोर. या काडतुसाची ताकद मुळात बेताची. त्यातला काही भाग चिकट पापुद्रा तोडण्यातच खर्च झाला, तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अर्धवट अडकून राहते.

तो पापुद्रा शस्त्रांसाठी मिळणाऱ्या सॉल्व्हेंटने काढावा. ते लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने स्लाइडच्या खाचा आणि फ्रेमवरील (मुठीसह खालच्या सांगाड्यावरील) पट्ट्या घासाव्यात. एवढ्याने न निघाल्यास पुन्हा लावावे, पण स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. रॉकेलने मळ सुटतो. मात्र ते अंगचे तेलही धुऊन नेते आणि उघडे पडलेले पोलाद पावसाळी हवेत लवकर गंज धरते. वापरायचेच झाले तर अंगणात, विस्तवापासून दूर वापरावे आणि लगेच पुसून तेलाचा हात द्यावा. पेट्रोल नकोच.

तेल लावताना माझा हिशेब थेंबांचा असतो. फ्रेमवरील दोन्ही पट्ट्यांना एकेक थेंब, नळीच्या बाहेरील अंगावर जिथे स्लाइड घासल्याची चकाकी दिसते तिथे एक थेंब, आणि बोटाने ते पसरवणे. मग स्लाइड दहा-बारा वेळा मागे-पुढे करून जे बाहेर येईल ते पुसून टाकावे. हात लावल्यावर बोट जेमतेम तुकतुकीत व्हावे, ओले होऊ नये. तुमच्या कामाच्या जागी रुई हवेत तरंगत असते आणि ओल्या तेलावर ती बसली की त्याचा लगदा होतो, म्हणून दिवाळीपासून कापूस संपेपर्यंत नेहमीपेक्षाही कमी तेल ठेवावे. फायरिंग पिनच्या (काडतुसावर ठोका देणाऱ्या खिळीच्या) छिद्रात, चेंबरमध्ये, मॅगझिनच्या आत आणि काडतुसांवर तेल अजिबात जाऊ देऊ नये. पिनच्या मार्गात साचलेल्या तेलाने ठोका मंद होतो, आणि काडतुसाच्या बुडातील टोपीत तेल झिरपले तर ते पेटतच नाही.

राहिली चिंच. तिने तांब्या-पितळेची भांडी लखलखीत होतात हे खरे, पण पिस्तुलाचा काळा-निळा रंग हा वरून दिलेला रंग नसून पोलादावर मुद्दाम बनवलेला ऑक्साइडचा थर आहे आणि तो आम्लात विरतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी गंजासोबत तोही जाईल. ठिपक्यांवर तेल लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी जाड सुती कापडाने, नंतर गरज पडल्यास सर्वांत बारीक पोलादी लोकर तेलात भिजवून हलक्या हाताने चोळावे. पॉलिश पेपर वापरू नये.

उत्तर : नेमबाज, अमरावती

काकांनी मुख्य ते सर्व सांगितले आहे. नळीबद्दल थोडी भर घालते. नळी निघत असेल तर ब्रश चेंबरच्या बाजूने घालून तोंडाकडे न्यावा, कारण तोंडाची कड झिजली की गोळीचा नेम बिघडतो आणि ती दुरुस्त करणे अवघड असते. नळी फ्रेमला पक्की असल्यास तोंडाकडूनच सळई घालावी लागते. अशा वेळी ती मध्यातून जाईल आणि कडेला घासणार नाही याची काळजी घ्यावी. ब्रश कांस्याचा किंवा नायलॉनचा असावा, पोलादी नसावा. सॉल्व्हेंटने ओला केलेला ब्रश फिरवावा, मग फ्लॅनेलच्या चिंध्या एकामागून एक ओढाव्यात. पहिली काळी येईल. पांढरी येईपर्यंत ओढत राहावे. शेवटी तेलाचा अंश असलेली एक चिंधी ओढावी, आणि झाडण्यापूर्वी मात्र नळी कोरडी पुसून घ्यावी.

हे काम स्वयंपाकघरात करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. काडतुसाच्या टोपीतून आणि गोळीतून शिसे सुटते आणि ते मळात मिसळलेले असते. लहान मुले जवळ नसावीत, चिंध्या एका पिशवीत बांधून टाकाव्यात आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

साफ केल्यावर पिस्तूल नीट चालते का, हे शेतात हवेत गोळी झाडून पाहू नये. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. अधिकृत रायफल क्लबच्या रेंजवर परवानगी घेऊन खात्री करून घ्यावी.

पुन्हा प्रश्नकर्ता : पऱ्हाटीवाला

काका आणि ताई, आपले मनःपूर्वक आभार. विक्रेत्याने रीत दाखवली आणि दोन दिवस खपून पिस्तूल साफ केले. चेंबरमध्ये काही नाही याची दोनदा खात्री केली होती. पापुद्रा तीन वेळा सॉल्व्हेंट लावल्यावर निघाला आणि स्लाइड आता मोकळी चालते. बाहेरचे ठिपके बहुतेक गेले. मात्र नळी उजेडाकडे धरून पाहिली असता चेंबरच्या पुढे दोन बारीक खड्डे दिसतात. आणखी एक बाब दसऱ्याची. आमच्याकडे शस्त्रपूजेत पिस्तुलाला हळद-कुंकू आणि फुले वाहण्याची वडिलांपासूनची रीत आहे. ती मोडण्याची माझी इच्छा नाही, पण त्याचा परिणाम काय होतो?

उत्तर : जिनिंगवाला, वर्धा जिल्हा

माझ्याकडेही हाच गंजाचा प्रकार झाला होता, फक्त कारण चामड्याची म्यान ठरली. मी वर्षभर पिस्तूल म्यानेतच ठेवत होतो. कातडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ले त्यात राहतात, ते ओल धरून ठेवते, आणि जिथे पिस्तूल कातड्याला टेकत होते नेमका तेथेच गंजाचा ठसा उमटला. तेव्हापासून म्यान फक्त बाहेर निघताना वापरतो. पिस्तूल कोरड्या सुती कापडात गुंडाळून कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवतो, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल घेतली असे समजावे आणि मंद आचेवर तापवून ते पुन्हा निळे करावेत. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र बंद करू नका, आत अडकलेली ओल तिथेच फिरते.

उत्तर : माजी आर्मरर, बुलढाणा जिल्हा

भाऊ, काम मनापासून केल्याचे तुमच्या लिहिण्यातूनच कळते. खड्ड्यांना घरी हात लावू नका. त्या जागी मळ अडकतो. ते किती खोल आहेत हे परवानाधारक दुरुस्तीकाराने मापून सांगेपर्यंत त्यातून गोळी झाडू नका. आणखी एक विचारतो, वडिलांच्या वेळची काडतुसे अजून त्याच पेटीत आहेत का? जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत क्लोरेट असे, त्याचा क्षार नळीत राहून हवेतील पाणी ओढून घेई आणि तेलाने तो विरघळत नसे, म्हणून आम्ही .303 रायफलीची नळी उकळत्या पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल लावत असू. तुमचे खड्डे त्यामुळेच पडले असे मी म्हणणार नाही, पण हिरवट डाग पडलेली किंवा तेलाने भिजलेली काडतुसे वापरू नका. ती शेतात पुरू नका किंवा विहिरीत टाकू नका. विक्रेत्याला अथवा ठाण्याला विचारून रीतसर जमा करा.

पूजेबद्दल सांगायचे तर मी स्वतः दर दसऱ्याला शस्त्रपूजा करतो. ओले कुंकू खाचेत गेले की तिथे ओल धरून बसते, आणि फुलांचे पाणी आत ओघळते. म्हणून रिकामे केलेले पिस्तूल कापडावर ठेवून हळद-कुंकू पेटीच्या झाकणाला लावावे आणि पिस्तुलावर अक्षता वाहाव्यात. आपट्याची पाने कोरडी असतात, ती ठेवण्यास हरकत नाही. आरती झाली की त्याच संध्याकाळी पिस्तूल खोलून पुसावे. पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे वर्षातील मोठी सफाई त्या दिवशी करण्याची सवय फार उपयोगी पडते. मृगापासून तोपर्यंत दर आठवड्याला तेलाच्या कापडाने बाहेरून पुसावे, कारण घामाच्या हाताचा एक ठसाही दमट हवेत गंज धरतो.

आणि पुढच्या निवडणुकीत जमा करण्याच्या आदल्या दिवशी बाहेरून व नळीतून नेहमीपेक्षा थोडे जास्त तेल लावा, तेलाच्या कापडात गुंडाळून द्या, आणि पावतीवर पिस्तुलाच्या क्रमांकासोबत त्याची स्थिती नोंदवून घ्या. परत आणल्यावर घरी पोहोचताच आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड ओढा, आणि करंगळीने चेंबर चाचपा.