आडनावावरून वंश आणि राष्ट्रीयत्व कळते का?

धागाकर्ता
आडनावाचा उगम शोधण्याची हौस बरीच वाढली आहे, आणि त्यासोबत ‘आमचे मूळ अमुक देशातले’ असे ठोकून देण्याची घाईही. माझ्या मते आडनाव हा अनेकदा वंशाचा नव्हे, तर सरकारी दप्तराचा पुरावा असतो. फिलिपीन्समध्ये १८४९ साली गव्हर्नर-जनरल क्लावेरिया यांच्या हुकुमावरून आडनावांची वर्णानुक्रमे केलेली यादी प्रांतोप्रांती पाठवण्यात आली आणि कुटुंबांना तिच्यातून नावे वाटली गेली. म्हणूनच काही गावांत आजही पुष्कळांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. तेथील स्पॅनिश आडनावावरून स्पॅनिश पूर्वज शोधणे म्हणजे शिक्क्यावरून कागदाची जात ओळखण्यासारखे आहे. तुर्कस्तानात १९३४ चा कायदा होईपर्यंत बहुसंख्य लोकांना वंशपरंपरागत आडनावच नव्हते. शिवाय साधा हिशेब करावा: दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि वडिलांकडून चालत आलेले आडनाव त्यांपैकी एकाच जागेवरून आलेले असते.

प्रतिसाद १
असहमत. आपण वेचून वरून लादलेल्या आडनावांचीच उदाहरणे दिली आहेत. इंग्लंडमधील बरीचशी आडनावे मध्ययुगातच रुळली, आणि त्यांतील दुर्मीळ आडनावे खरोखरच मोजक्या घराण्यांपर्यंत नेऊन पोहोचवतात. ब्रायन साइक्स या अनुवंशशास्त्रज्ञांनी स्वतःचेच आडनाव लावणाऱ्या, परंतु एकमेकांशी ज्ञात नाते नसलेल्या पुरुषांचे वाय गुणसूत्र (जे केवळ वडिलांकडून मुलाकडे जाते) तपासले, तेव्हा जवळपास निम्म्या जणांत एकच नमुना आढळला. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. याला केवळ दप्तराचा योगायोग कसे म्हणणार?

धागाकर्ता
उरलेल्या निम्म्यांचे काय? दत्तकविधान, आईकडून घेतलेले आडनाव, विवाहबाह्य संतती, एकच आडनाव अनेकांनी स्वतंत्रपणे घेणे, अशी कितीतरी कारणे संभवतात. वाय गुणसूत्रही वडिलांच्या वडिलांची तीच एक रेघ दाखवते. त्या रेघेवरून अख्ख्या माणसाचा वांशिक समूह ठरवणे मला पटत नाही.

प्रतिसाद २
येथे तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत आहे. पूर्वज कोण, हा वंशावळीचा प्रश्न आहे. वांशिकता ही भाषा, धर्म, सामायिक स्मृती आणि समूहाची मान्यता यांतून घडते. राष्ट्रीयत्व हे निव्वळ कायद्याचे नाते आहे. फ्रान्स-जर्मनी सीमेवरील अल्सास प्रांताचा ताबा १८७१, १९१८, १९४० आणि पुन्हा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बदलला. तेथील एखाद्या दीर्घायुषी माणसाने घराचा उंबरठा न ओलांडता फ्रेंच आणि जर्मन अशा दोन्ही सत्तांचा अंमल आलटून पालटून पाहिला असेल, आणि त्याचे आडनाव मात्र तेच राहिले असेल.
डीएनए चाचणीतील टक्केवारीबद्दलही सावध राहावे. ती आजच्या लोकांच्या संदर्भगटांशी तुलना करून काढलेला अंदाज असते. संदर्भगट बदलले की त्याच नमुन्याची टक्केवारी बदलते, आणि सख्ख्या भावंडांचे आकडेही वेगळे येऊ शकतात.

प्रतिसाद १
वरील भेद मान्य, पण त्यामुळे आडनाव निरुपयोगी ठरत नाही. दक्षिण कोरियात सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांचे आडनाव ‘किम’ आहे, आणि तरीही वंशशोध अडत नाही, कारण आडनावासोबत कुळाचे मूळ ठिकाण, म्हणजे ‘पोनग्वान’, सांगण्याची प्रथा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकाऱ्यांनी नावे बदलून टाकली, ही कथा घरोघरी सांगितली जाते. वास्तविक ते जहाजावरून आलेल्या प्रवासी याद्यांशी नावे ताडून पाहत, आणि बरेचसे बदल स्थलांतरितांनी पुढे स्वतःच केले. त्यामुळे जुन्या प्रवासी यादीत मूळ आडनाव शोधणे आजही फलदायी ठरते. त्या नोंदीत नावाशेजारी गाव लिहिलेले असेल, तर पुढचा शोध आडनावाचा नव्हे, गावाच्या दप्तराचा, असे आपण म्हणाल. पण त्या नोंदीपर्यंत आपण पोहोचलो ते आडनावाच्याच आधाराने ना?