दोनशे तीस रुपयांची बॅटन आणि 'परवडत नसेल तर प्लास्टिकची झाडं लावा'

हळदगल्ली (सांगली)
परवा या मत्स्यटाकीवाल्यांच्या मंचावर एका सातारकरांनी प्लांटेड टँकबद्दल, म्हणजे जिवंत पाणझाडं लावलेल्या माशांच्या टाकीबद्दल, लिहिलं होतं: "तीन हजारांच्या खाली प्लांटेड टँकचा लाइट येतच नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी प्लास्टिकची झाडं लावावीत, निदान पाणी तरी हिरवं होणार नाही." त्याला चाळीस अंगठे. मी सोडून देणार होतो, पण दोन रात्री तेच डोक्यात. म्हणून हा धागा.

माझा टँक दोन बाय एक बाय एक फूट. ५४ लिटर. वर विजेच्या दुकानातली साधी दोन फुटी एलईडी बॅटन, १० वॅट, ६५०० केल्विन (म्हणजे पांढरा उजेड), २३० रुपये. डब्यावर १००० लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) लिहिलंय, म्हणजे लिटरमागे साधारण अठरा-एकोणीस. आत जावा फर्न, अनुबियास, क्रिप्ट आणि वॅलिस्नेरिया ही पाणझाडं. वॅलिस्नेरिया मागच्या काचेवरून वर येऊन पाण्यावर आडवी लोळते. दर पंधरवड्याला कात्री घेऊन बसतो आणि कापलेलं कुंड्यांत टाकतो. दोन वर्षं झाली. यात प्लास्टिक कुठलं ते दाखवा.

दुकानदार अजून "लिटरला अर्धा वॅट" सांगतात. हा ट्यूबलाइटच्या काळातला हिशेब. तेव्हा वॅटमागे जेवढा उजेड मिळायचा त्यापेक्षा आता जास्त मिळतो, मग वॅट मोजून काय कळणार? लुमेन बघा. आणि पांढऱ्या एलईडीच्या आत निळीच चिप असते, वर पिवळा लेप. डब्यावर माशाचं चित्र छापलं म्हणून त्या चिपला कळत नाही की आपण आता १४०० रुपयांच्या झालो.

अट एकच. दिवसाला सहा ते सात तास, त्यापुढं नाही. "माझ्या टँकमध्ये शेवाळ झालं" म्हणणाऱ्या दहातल्या आठांकडं लाइट सकाळी आंघोळीला लागतो आणि रात्रीची मालिका संपल्यावर बंद होतो.

लालपान (सातारा)
ते सातारकर मीच. अंगठे एक्केचाळीस आहेत, नीट मोजा.

तुम्ही जी चार झाडं सांगितली ती चांदण्यातही जगतात. अनुबियास तर मेलं आहे की जिवंत हे कळायलाच महिना जातो. त्यावर "स्वस्त लाइट चालतो" असं जाहीर करणं म्हणजे सपाट रस्त्यावर सायकल चालवून यवतेश्वराचा घाट सोपा म्हणण्यासारखं आहे. तुमच्या बॅटनखाली रोटाला, लुडविजिया असली लाल पानांची झाडं लावा. पंधरा दिवसांत लाल पान हिरवट होईल, पेरं लांबतील, खालची पानं गळतील. उजेडाच्या शोधात झाड नुसतं वर पळतं.

आणि ते १००० लुमेन पाण्यात जात नाहीत. बॅटनचा उजेड १२० अंशांत पसरतो. बराचसा तुमच्या भिंतीला आणि बनियनवर.

मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही. आधी ६५० चा क्लिपवाला घेतला, मग ८०० चा, मग १२०० चा. एकाचा ॲडॉप्टर जळला, एकाचे निळे दिवेच तेवढे उरले, तिसऱ्याखाली रोटाला कुजली. २६५० रुपये गेले आणि मग तीन हजारांचा घ्यावाच लागला. तीन हजार एकदाच घाला, हे मी वैतागून लिहिलं होतं, माजून नाही.

वायरमन_मिरज
दोघंबी हुशार. पण एकानंबी शॉकचं नाव काढलं नाही.

बॅटन भिंतीसाठी बनवलेली असते, पाण्याच्या वाफेसाठी न्हाय. गेल्या पावसाळ्यात एका घरी गेलो, "टँकमध्ये हात घातला की झिणझिण्या येतात" म्हणून बोलावलं होतं. प्लग काढून टोकाची टोपी उघडली तर आतलं तांबं मोरपंखी. बाई रोज तसाच हात घालून काच पुसत होत्या. वर प्लगची अर्थची पिन कापलेली, का तर सॉकेटात बसंना! पिन कापणाऱ्या माणसाला दुकानदारानं प्लग विकूच नये असा कायदा पायजे.

टँकवर काचेचं झाकण घाला, लाइट त्याच्या वर. वायरीला प्लगाच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकंल, प्लगात जाणार न्हाय. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा, करंट गळला की वीज तोडणारा स्विच. आणि हात घालायच्या आधी बटण न्हाय, प्लग काढा. मग तुमचे लुमेन मोजत बसा.

हळदगल्ली
वायरमनभाऊ, आत्ता प्लग काढून टोपी उघडून बघितली. मोरपंखी आहे. बास, खूश?

झाकण उद्या करून घेतो. पण हा मुद्दा बॅटनच्या बसवण्याचा आहे, उजेडाचा नाही. लालपान यांनी लगेच उड्या मारू नयेत.

तासगाव_बाग
माझा टँक फूटभराचा, पण द्राक्षबाग चार एकर. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पानाला ऊन मिळालं नाही तर काडीत घड तयार होत नाही. ढग राहिले की पुढचं वर्ष गेलं. तेव्हा औषधवाला येतो आणि म्हणतो हे मारा, ते मारा, उनाची कसर भरून निघंल. निघत नाही. गेल्या खेपंला ११ हजारांची बिलं केली त्यानं माझी आणि घड आले का? आले नाहीत. फोन उचलतो का? उचलत नाही.

टँकमध्येबी तेच चाललंय. लाइट वाढवतात, मग खत ओततात, मग शेवाळ मारायचं औषध. नुसता उजेड वाढवून कार्बन, म्हणजे पाण्यातला सीओटू (कार्बन डायऑक्साइड), वाढवला नाही तर तो जादा उजेड शेवाळच खाणार. मी त्यासाठी साखर-यीस्टची बाटली लावली होती. उन्हाळ्यात ती अशी फसफसली की सगळा राडा नळीतून टँकमध्ये. पाणी ताकासारखं. दोन गप्पी गेले. पण त्याआधी तीन आठवडे रोटालानं मात्र कमाल केलती.

लालपान
बाग यांचं बरोबर. मीही सीओटूचा सिलिंडर लावतो. ते मूळ पोस्टमध्ये लिहायचं राहिलं.

हळदगल्ली
"राहिलं"! म्हणजे तीन हजारांचा लाइट अधिक सिलिंडर. आता प्लास्टिकची झाडं कुणी लावायची, आठ हजारांच्या खालच्यांनी का?

नवशिका_वाई
नमस्कार, मी नवीन आहे. मागच्या रविवारी कासला गेलो होतो. तिथं पाण्याच्या डबक्यात तुऱ्याचं झाड मिळालं, Y सारखी दोन फाट्यांची फुलं. मित्र म्हणाला वायतुरा. दोन कंद आणलेत. यासाठी बॅटन पुरेल की लालपान दादांचा लाइट घ्यावा लागेल?

लालपान
काय आणलंत?

हळदगल्ली
आयुष्यात पहिल्यांदा लालपान यांच्याशी सहमत होतोय. काय आणलंत??

निवृत्त_जीवशास्त्र (कऱ्हाड)
बाळ, त्या झाडाचं शास्त्रीय नाव ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. नावातच तुझा जिल्हा आहे. सह्याद्रीतल्या मोजक्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, ते येतं. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथून फूल तोडणंही चालत नाही. तू कंदच उपटलास. फूल तोडलं तर पुढच्या वर्षी झाड येतं. कंद नेलास तर तिथं काही उरत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कुठलाही लाइट पुरणार नाही. पावसाळा संपला की ती डबकी आटतात, वर पान राहत नाही, कंद कोरड्या मातीत झोपतो. तुझ्या टँकमध्ये बारा महिने पाणी आणि वाईचा उन्हाळा. कंद मऊ पडेल, बोटानं दाबलास की आत जाईल, आणि वास येईल. हे सगळं दोन-तीन महिन्यांत.

नवशिका_वाई
बाई, माफ करा, पण फक्त दोन कंद होते. तिथं शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, लोक फुलांत बसून फोटो काढतात, गुरं चरतात. त्यांना कुणी बोलत नाही. मी निदान जगवायला आणले.

लालपान
मी त्या रस्त्याला लहानपणापासून जातोय. आजोबांबरोबर चालत जायचो, तेव्हा तिकीट नव्हतं, कुंपण नव्हतं. "फक्त दोन" असं म्हणणारे एका हंगामात किती येत असतील याचा हिशेब कर. आणि गुरांचं मध्ये आणू नकोस. गाय पान खाते, खुरपं घेऊन कंद काढत नाही.

घाटावरचा (सातारा)
गुरांचं आलंच आहे तर बोलतो. चराई बंद केली की गवत माजतं आणि बारकी फुलं त्याखाली दबतात, असं आमच्या गावातली म्हातारी माणसं सांगत आलीत. आमच्याच माळावर आम्हाला पाहुणे केलं आणि वाईच्या पोरानं पिशवीतून कंद नेला तर कुणी विचारलं नाही. पिशव्या तपासा की आधी!

हळदगल्ली
अहो, धागा लाइटचा आहे.

घाटावरचा
तुमच्या लाइटला कोण विचारतंय? पुण्यामुंबईची गर्दी आम्ही झेलायची, नियम आम्ही पाळायचे, आणि सांगलीचे लोक बॅटन मोजणार.

हळदगल्ली
सांगलीचं काढू नका. २०१९ च्या पुरात माझ्या घरात छातीभर पाणी होतं, आधीचा टँक त्यातच गेला. गप्पी थेट कृष्णेत. नवा टँक स्वस्तात उभा केला तो हौस म्हणून नाही, तेव्हा फ्रिजसुद्धा उधारीवर घेतला होता. तीन हजारांचा लाइट म्हणे.

लालपान
हे आधी सांगितलं असतं तर प्लास्टिकचं वाक्य मी मागे घेतलं असतं.

घेतो. वाक्य मागे. मत नाही.

नवशिका_वाई
मग कंदांचं काय करू? परत नेऊन लावू का?

निवृत्त_जीवशास्त्र
स्वतः जाऊन कुठंही खुपसू नकोस. ओल्या फडक्यात गुंडाळ, वनखात्याच्या माणसांकडं दे आणि खरं सांग.

नवशिका_वाई
दंड करतील.

निवृत्त_जीवशास्त्र
करू देत. तीन हजारांचा लाइट घ्यायला निघालाच होतास ना?

हळदगल्ली
आता मूळ मुद्द्यावर. टँक धुवायला रिकामा केला होता, तेव्हा तळाला मोबाइल ठेवून लक्स, म्हणजे तिथं पोचणारा उजेड, मोजले. मधोमध २१००, कोपऱ्यात ९००. मोबाइलचा मापक काही सोनाराचा काटा नव्हे, पण अंदाज येतो. पांढऱ्या एलईडीला सत्तरानं भागलं की पार, म्हणजे झाडाच्या कामाचा उजेड, येतं, मधोमध तीस.

लालपान
आणि कोपऱ्यात तेरा. म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत. तीस म्हणजे कमी उजेड. लाल रोटाला त्यात लाल राहत नाही.

हळदगल्ली
मी कुठं लाल म्हणालो? झाडं म्हणालो. तुमचं मूळ वाक्य "प्लांटेड टँकचा लाइट येतच नाही" असं होतं, "लाल पानांचा येत नाही" असं नव्हतं. तेवढा एक शब्द घातला असता तर मी दोन रात्री झोपलो असतो.

बरं, दोन बॅटन लावल्या तर? ४६० रुपये. वर आतून पांढरा रंग दिलेली पत्र्याची पन्हळ, म्हणजे बनियनवरचा उजेड पाण्यात.

तासगाव_बाग
आणि कार्बन?

हळदगल्ली
यीस्टची बाटली. तुमच्यापेक्षा मोठी, अर्धीच भरलेली, आणि मध्ये एक रिकामी बाटली, राडा तिथं अडकायला.

लालपान
पन्हळीनं थोडं जमेल. पूर्ण लाल नाही होणार. तांबूस होईल. तुम्ही त्यालाच लाल म्हणाल आणि फोटो टाकाल, हे मला आत्ताच दिसतंय.

हळदगल्ली
मग पाठवा की रोटालाच्या चार काड्या. भाडं मी देतो. भडंग पाठवतो बदल्यात.

लालपान
पाठवतो. प्लास्टिकच्या.

वायरमन_मिरज
ती मोरपंखी बॅटन बदलली का न्हाय अजून?