पश्चिम पहाडी, पश्चिम डोंगरी की पश्चिम डोगरी?

सुपारीची_फोड
भद्रवाह दरीवरची एक इंग्रजी लेखमाला मराठीत करतेय. (जम्मूकडचा डोडा जिल्हा, नीरू नदी, ‘छोटं काश्मीर’ म्हणतात तेच.) तिथल्या भद्रवाही भाषेला मुळात ‘वेस्टर्न पहाडी’ म्हटलंय. मी ‘पश्चिम डोंगरी’ केलं. मुद्रितशोधकांना वाटलं टंकनदोष आहे, त्यांनी अनुस्वार उडवला आणि छापून आलं ‘पश्चिम डोगरी’! डोगरी ही निराळी भाषा, २००३ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत असलेली. पुढच्या भागात काय लिहू? अनुस्वारासाठी भांडू की शब्दच बदलू?

खडूफळा
पहाडी लिहा की सरळ. शाहिराचा पहाडी आवाज चालतो, राग पहाडी चालतो, भाषेलाच सोवळं का? ‘डोंगरी’ वाचलं की मला तर सँडहर्स्ट रोड स्टेशन आठवतं.

ऱ्हस्वदीर्घ
घरात डोंगर असताना पहाड उसना कशाला आणायचा? आपल्यावर दुःखाचा डोंगरच कोसळतो, पहाड नाही. मुद्रितशोधकाला शब्द कळत नाही म्हणून शब्द सोडायचा, हा न्याय लावला तर मराठीत फारसं काही उरणार नाही.

खडूफळा
‘पहाडासारखा माणूस’ कुठल्या भाषेतला मग?

चौथा_गिअर
नोकरीमुळे जम्मूत राहिलोय. तिथे नुसतं ‘पहाडी’ म्हणालात तर ऐकणारा पुंछ-राजौरीची भाषा समजतो. २०२४ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत ‘पहाडी’ म्हणून गेले ते हे लोक. गंमत म्हणजे त्याच वेळी किश्तवाडकडच्या पाडर भागातले पाडरीही यादीत आले, पण वेगळ्या नावाने. आणि पाडरचीच बोली भद्रवाहीला जवळची. ‘पश्चिम पहाडी’ हे अभ्यासकांच्या सोयीचं नाव. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनने त्याच्या १९१६ च्या खंडात नेपाळीपासून भद्रवाहीपर्यंत सगळ्यांना पहाडी ठरवून पूर्व, मध्य, पश्चिम असे तीन कप्पे केले. भद्रवाहचा माणूस आपल्या भाषेला भद्रवाहीच म्हणतो. तेच लिहा, बाकी तळटीपेत.

चिंचोका
डोगरी शब्द ‘द्विगर्त’वरून आलाय. मानसर आणि सुरिनसर या दोन तळ्यांमधला प्रदेश, म्हणून द्विगर्त. डोंगराशी काही संबंध नाही.

ऱ्हस्वदीर्घ
ही तळी व्युत्पत्तीसाठी मागाहून शोधलेली वाटतात. चंबा संस्थानच्या जुन्या ताम्रपटांत ‘दुर्गर’ येतं. दुर्गर, डुग्गर (डोगऱ्यांचा मुलूख), डोगरा ही साखळी जास्त पटते. आणि राजस्थानीत डूंगर, गुजरातीत डुंगर, आपल्याकडे डोंगर असताना डुग्गर तेवढा त्यांच्यातला नव्हे, हे कशावरून?

चिंचोका
अनुनासिक कुठे गेलं मग?

ऱ्हस्वदीर्घ
मुद्रितशोधकाने नेलं.

घाटमाथा
मूळ चूक वेगळीच आहे. ‘भद्रवाह दरी’ नाही हो! दरी म्हणजे कडा तुटून खाली जातो ती, जिच्यात बस कोसळल्याची बातमी येते. माणसं वसतात, शेती होते ते खोरं. रोहिडखोरं, कानदखोरं, मुठेखोरं. भद्रवाहला राजम्याची शेती आहे, त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. दरीत राजमा पिकवून दाखवा.

खडूफळा
आमच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘खचदरी’ होती आणि तिच्यात नर्मदा वाहत होती. शेतीसकट.

घाटमाथा
पाठ्यपुस्तकाचं मराठी हा वेगळा धागा होईल.

जुनी_वही
नावावर एवढं चाललंय आणि भाषेत काय आहे ते कुणी बघतच नाही. भद्रवाहीत नपुंसकलिंग शिल्लक आहे! हिंदी-पंजाबीने टाकलेलं, आपण, गुजरातीने आणि कोंकणीने सांभाळलेलं. भाषाशास्त्रज्ञ सिद्धेश्वर वर्मांनी १९३१ मध्ये त्यावर स्वतंत्र लेख लिहिला होता. आणि उच्चार पाहा: संस्कृतातल्या ‘त्र’, ‘भ्र’ अशा जोडाक्षरांच्या जागी तिथे मूर्धन्य (ट, ड, ढ अशा) व्यंजनाला चिकटलेला ळ येतो. भ्राताचा ‘ढ्ळा’ होतो.

चिंचोका
ळ आणि नपुंसकलिंग दोन्ही? म्हणजे महाराष्ट्री प्राकृत हिमालयापर्यंत पोचली होती तर!

जुनी_वही
नाही हो. नपुंसकलिंग मुळात सगळ्यांकडेच होतं, बहुतेकांनी सोडलं, दोन टोकांना राहिलं. ळ तर राजस्थानीत, हरियाणवीत, पंजाबीतही आहे. साम्य दिसलं की नातं जुळवायची घाई नको.

चौथा_गिअर
आणि एवढं असून २०११ च्या जनगणनेत भद्रवाहीचे ९८,८०६ भाषक हिंदीच्या बेरजेत गेलेत. हिमाचलच्या पांगी खोऱ्यातली पांगवाळीही तिथेच. आपल्या अहिराणीला निदान खानदेशीचा वेगळा रकाना मिळालाय.

ऱ्हस्वदीर्घ
तो मिळाला हे चांगलं झालं? अहिराणी मराठीतून वजा झाली, हे सोडून?

चौथा_गिअर
अहिराणी बोलणाऱ्यांना विचारा. माझी सासुरवाडी धुळ्याची आहे, तिथे हे वाक्य म्हणून बघा.

सुपारीची_फोड
मंडळी, भद्रवाही लिहिते, पटलं. पण जिथे अख्ख्या गटाचा उल्लेख आहे, हिमाचलच्या गद्दी, कुलुई, मंडियाळी वगैरे मिळून, तिथे तळटीप कशी पुरेल? तिथे पहाडी की डोंगरी?

घाटमाथा
आधी दरीचं खोरं करा.

चिंचोका
@जुनी_वही, ढ्ळा एका अक्षरासारखा उच्चारायचा की ढ आणि ळ वेगळे? माझ्या तोंडून ढला येतंय.