मदत हवी आहे: तीन मुलांना फ्लॅट देताना करारात काय लिहावं?

नमस्कार मंडळी. कोथरूडचा आईचा वन बीएचके पहिल्यांदाच भाड्याने द्यायचाय. काल आयटीतली तीन मुलं बघून गेली. एकाने गॅलरीतल्या तुळशीला न सांगता पाणी घातलं, आई तिथेच विरघळली! मला मात्र धाकधूक आहे.

११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाड्याने देण्याचा करार) ऑनलाइन नोंदवणार (१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच), पोलीस व्हेरिफिकेशनही करणार. पण लॉक-इन (ज्या काळात घर मध्येच सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा ठेवता? तिघांपैकी एकजण मध्येच सोडून गेला तर भाडं कोणाकडून घ्यायचं? करारात तिघांचीही नावं घालावीत का? रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार, हे आधीच लिहून घेता का?

एजंट म्हणतो, "काका, सगळं स्टँडर्ड असतं." त्याचीच भीती वाटते.