सल्ला हवा : ३०० लिटरच्या रीफ टाकीसाठी प्रोटीन स्किमर कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

निळीखाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझी रीफ टाकी (प्रवाळ आणि समुद्री मासे यांची खाऱ्या पाण्याची टाकी) ३०० लिटरची असून तिच्याखालच्या कपाटात सम्प, म्हणजे मुख्य टाकीचे पाणी उतरून परत वर जाते ती दुसरी टाकी, आहे. खडक आणि वाळू यांनी व्यापलेली जागा वजा जाता एकूण सुमारे ३५० लिटर पाणी फिरते. टाकीत दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक गोबी आणि एक पिवळा टँग असे पाच मासे आहेत. प्रवाळांपैकी सध्या झोआंथस, मशरूम आणि एक हॅमर आहे. पाणी स्थिर झाल्यावर थोडे एसपीएस (लहान पॉलिपांचे, कडक सांगाड्याचे) प्रवाळ लावण्याचा विचार आहे.

आतापर्यंत फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि नियमित पाणीबदल यांवर भागत होते, परंतु नायट्रेट २५ पीपीएमच्या खाली उतरत नाही आणि काचेवर शेवाळ लवकर धरते. म्हणून स्किमर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे उपकरण, घ्यायचे ठरवले आहे. माझ्या शंका अशा : टाकीच्या दुप्पट क्षमतेचा स्किमर घ्यावा असे अनेक जण सांगतात, ते कितपत खरे? डीसी पंपाचा स्किमर घेण्यात खरोखर फायदा आहे का? माझ्या सम्पमधील स्किमरच्या कप्प्यात पाण्याची पातळी २६ सेंटिमीटर आहे, ती चालेल का?

जुनासम्प

तुमचा तिसरा प्रश्न खरे तर पहिला असायला हवा. स्किमरची निवड लिटरच्या आकड्यापासून नव्हे, तर सम्पच्या मापांपासून सुरू करावी. कप्प्याची लांबी-रुंदी मोजा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सम्पच्या तळापासून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंतची उंची मोजा. स्किमर नुसता आत मावून उपयोगाचा नाही. त्याचा कप (फेसाबरोबर आलेली घाण साठते तो वरचा भाग) वर उचलून बाहेर काढता आला पाहिजे, आणि त्यासाठी डोक्यावर आणखी काही सेंटिमीटर मोकळे लागतात. ही जागा नसेल तर कप धुण्यासाठी दर वेळी अख्खा स्किमर बाहेर काढावा लागतो, आणि मग धुणे हमखास लांबणीवर पडते.

पातळीबद्दल : सम्पमध्ये ठेवायचे बहुतेक स्किमर साधारण १८ ते २३ सेंटिमीटर पाण्यासाठी बनवलेले असतात, नेमका आकडा त्या त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावा. तुमचे २६ सेंटिमीटर जास्त आहेत, पण ही अडचण सोपी आहे. अॅक्रिलिकचा किंवा एगक्रेटचा (प्लॅस्टिकच्या चौकोनी जाळीचा) चार-पाच सेंटिमीटर उंचीचा चौथरा करून त्यावर स्किमर ठेवला की काम झाले. पाणी कमी असते, तर कप्प्यांमधली आडभिंत उंच करावी लागली असती आणि ते काम अधिक किचकट असते. मात्र पातळी किती आहे यापेक्षा ती बदलत नाही ना, हे अधिक तपासा. बाष्पीभवनाने जी पातळी खाली जाते ती रिटर्न पंपाच्या (पाणी परत मुख्य टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यातली. स्किमर त्या कप्प्यात ठेवला तर सकाळी लावलेली जुळणी संध्याकाळी बिघडलेली असते. स्किमरच्या कप्प्यातील पाणी आडभिंतीवरून ओसंडून पुढे जात असावे.

आता क्षमतेबद्दल. स्किमरमध्ये घडते ते एवढेच : प्रथिने, स्निग्ध पदार्थ अशा सेंद्रिय रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते, त्यामुळे ते हवा आणि पाणी यांच्या सीमेवर चिकटतात. बारीक बुडबुड्यांच्या रूपाने ही सीमा प्रचंड वाढवली की ते रेणू बुडबुड्यांवर बसून वर चढतात आणि त्यांच्यामुळेच फेस टिकून राहतो. याचा अर्थ, मानेत (फेस जिच्यातून कपात चढतो त्या अरुंद नळीत) फेसाचा स्थिर स्तंभ उभा राहण्यासाठी पाण्यात पुरेसा सेंद्रिय माल असावा लागतो. पाच माशांच्या टाकीवर हजार लिटरचा रुंद मानेचा स्किमर लावला तर फेस मानेत अर्ध्यावर येऊन बसतो, मग अचानक एखाद्या रात्री कप भरून टाकतो आणि पुन्हा दोन दिवस गप्प होतो. म्हणून दुप्पट क्षमतेचा सल्ला मी सरसकट देणार नाही. खोक्यावर बहुधा कमी, मध्यम आणि जास्त जैवभार (टाकीतील जीव आणि त्यांची घाण यांचा भार) असे तीन आकडे असतात. त्यांतील सर्वांत मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि तो कमी जैवभारासाठी असतो. तुमच्यासाठी, ज्याचा मध्यम जैवभाराचा आकडा ३५० ते ४५० लिटरच्या दरम्यान आहे, असा स्किमर योग्य ठरेल. टँग भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो, त्यामुळे तुमचा जैवभार कमी म्हणता येणार नाही. (टँग पूर्ण वाढल्यावर त्याला लांबीने मोठी टाकी लागेल, हेही आताच मनात ठेवा.)

डीसी पंपामुळे वेग कमी-जास्त करता येतो, आवाज आणि वीज कमी लागते, आणि अन्न देताना काही मिनिटे स्किमर थांबवण्याची सोयही मिळते. परंतु त्यामुळे स्किमर अधिक माल काढतो असे नाही, आणि कंट्रोलर ही बिघडण्यासारखी एक वस्तू वाढते. त्यापेक्षा पंपाचे सुटे भाग, विशेषतः इम्पेलर (पंपातील फिरणारे चक्र), सहज मिळतात का याची चौकशी आधी करा.

अपेक्षाही माफक ठेवा. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजण्यांत स्किमरांना पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच काढता आला होता. शिवाय साठलेले नायट्रेट स्किमर काढत नाही. नायट्रेट ज्यापासून बनते तो माल सडण्यापूर्वी स्किमर बाहेर नेतो. आज असलेले २५ पीपीएम पाणीबदलानेच उतरवावे लागतील. नवी भर पडत नाही असे धरले, तर २० टक्क्यांचे तीन पाणीबदल ते १३ च्या आसपास आणतील.

मुळारण्य

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, पण धागाकर्त्यांनी दुसऱ्या पर्यायाचाही विचार करावा. सम्पमध्ये एक कप्पा मोकळा असेल तर तिथे दिवा लावून कीटोमॉर्फा (तारांसारखे समुद्री शेवाळ) वाढवल्यास ते नायट्रेट आणि फॉस्फेट थेट शोषून घेते, जे स्किमर करत नाही. फक्त मऊ प्रवाळ ठेवायचे असते तर मी स्किमर घेऊच नका म्हटले असते.

जुनासम्प

मऊ प्रवाळांपुरते ते मान्य आहे. परंतु शेवाळाच्या कप्प्यातून रात्री ऑक्सिजन मिळत नाही, उलट खर्च होतो. स्किमर दिवसरात्र हवा खेळवत राहतो, आणि माशांची संख्या पाहता मला तोच फायदा मोठा वाटतो. जागा असल्यास दोन्ही ठेवावे, मात्र मग नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर जाऊ देऊ नये. दोन्ही शून्य झालेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेटचा (सूक्ष्म एकपेशीय जीवांचा) तपकिरी तारांचा थर धरण्याची भीती असते आणि तो हटवणे शेवाळापेक्षा फार अवघड.

निळीखाडी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मध्यम जैवभारासाठी ४०० लिटर क्षमता दिलेला, नीडल व्हील पंपाचा (सुयांच्या चक्राने हवेचे बारीक बुडबुडे करणारा) स्किमर घेतला आणि पाच सेंटिमीटरच्या चौथऱ्यावर बसवला. पहिले काही दिवस कपात काहीच आले नाही, फक्त टाकीत बारीक बुडबुडे दिसत राहिले. पुढे फेस जरा धरू लागला होता, तेवढ्यात काल इपॉक्सी पुट्टीने एक प्रवाळ खडकावर चिकटवला आणि तासाभरात कप भरून वाहू लागला. आत्ता स्किमर बंद ठेवला आहे. स्किमर सदोष आहे का, आणि पाण्याची रेषा नेमकी कुठे लावायची?

जुनासम्प

स्किमर सदोष नाही. नव्या प्लॅस्टिकवर कारखान्यातील तेलकट अंश असतो आणि तो धुऊन जाऊन आतल्या भिंतींवर जैविक पापुद्रा बसेपर्यंत फेस धड उभा राहत नाही. यात काही दिवसांपासून दोनेक आठवडे जातात. बारीक बुडबुडेही त्याच काळात बहुधा आपोआप थांबतात. पुट्टीचे म्हणाल तर ताजी इपॉक्सी जवळजवळ प्रत्येक स्किमरला उतू जायला लावते. टाकीसाठी पाणी तयार करण्याची काही द्रावणे आणि काही औषधेही तेच करतात. अशा वेळी कप काढून ठेवा किंवा निर्गमाची झडप पूर्ण उघडून पातळी खाली आणा, म्हणजे हवा खेळती राहते आणि पाणी वाहत नाही. पूर्ण बंद ठेवण्यापेक्षा हे बरे.

जुळणी करताना झडप पूर्ण उघडी ठेवून सुरुवात करा. नंतर ती किंचित फिरवून बुडबुड्यांच्या आणि फेसाच्या मधली रेषा, जिथे कप मुख्य नळकांड्याला जोडला जातो, त्या सांध्याजवळ आणा. एकदा फिरवले की काही तास हात लावू नका. स्किमरला प्रत्येक बदलाचा परिणाम दाखवायला वेळ लागतो आणि बहुतेक जण त्याआधीच दुसरा बदल करून बसतात. कपात येणारे पाणी चहाइतक्या रंगाचे असेल तर जुळणी ठीक आहे. फिकट पिवळे आणि भरपूर येत असेल तर रेषा थोडी खाली घ्या. काळपट, चिकट आणि अगदी थोडे येत असेल तर वर. एसपीएस लावाल तेव्हा थोडे ओलसर स्किमिंग (रेषा जरा वर ठेवून अधिक पातळ पाणी काढणे) ठेवायला हरकत नाही.

रात्रपाळी

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. ऑटो टॉप-ऑफ (घटलेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडे पाणी भरणारी यंत्रणा) असेल तर कप सम्पमध्ये उतू जाणे निरुपद्रवी असते, कारण पाणी परत तिथेच पडते. पण कपाच्या नळीने ते बाहेरच्या बादलीत सोडले असेल, तर खारे पाणी बाहेर जात राहते आणि टॉप-ऑफ त्या जागी गोडे पाणी भरतो. तुमच्या ३५० लिटरमधून २० लिटर असे गेले तर क्षारता ३५ वरून ३३ वर येते, आणि प्रवाळांना ते एका रात्रीत सोसायला लावणे चांगले नाही. म्हणून बादली लहान आणि झाकणबंद ठेवा, आणि ती भरल्यावर स्किमरचा पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा.

हवेची नळी कपाटाबाहेर, जमल्यास खिडकीबाहेरच्या हवेत नेता आली तर पीएच थोडा वर राहतो, कारण बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि स्किमर तीच हवा पाण्यात कालवत राहतो. नळीचे टोक मात्र पाण्याच्या पातळीच्या वर असू द्या.

निळीखाडी (धागाकर्ता)

फ्लोट स्विचचे ध्यानातच आले नव्हते, लगेच बसवतो. शेवटची शंका : गोठवलेले मायसिस (कोळंबीसारख्या लहान जीवांचे माशांचे खाद्य) दिल्यानंतर फेस पूर्ण खाली बसतो आणि तीन-चार तासांनी परत येतो. हे चालते का?

जुनासम्प

चालते. अन्नातील तेल फेस मोडते. टाकीत हात घातल्यावरही असेच होते. झडपेला हात लावू नका. फेस दुसऱ्या दिवशीही आला नाही, तर आधी मानेच्या आतला चिकट थर पुसा, कारण त्या थरावर फेस चढत नाही. मान दोन-तीन दिवसांनी पुसत राहावी. त्यानेही फरक पडला नाही तर हवेच्या नळीचे पंपाकडील टोक तपासा. तिथे मिठाचा खडा धरून हवा अडते. नळी काढून त्यातून कोमट गोडे पाणी सोडले की तो विरघळतो. पंप तीन ते सहा महिन्यांनी उघडून व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजत ठेवावा, म्हणजे इम्पेलरच्या सुयांवर बसलेला चुन्याचा थर सुटतो. परत लावण्यापूर्वी गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्यावा.