ताप आला की बाळ गुंगीत जातं, मेटाबॉलिक आजाराची शंका – कुठे दाखवावं?

बार्शीची आई: आम्ही बार्शीजवळ राहतो. मुलगा दीड वर्षाचा. एरवी खेळतो, बोबडं बोलतो. पण ताप-जुलाबात खाणं सुटलं की उलट्या होतात, मग हाका मारल्या तरी डोळे उघडत नाही. सलाईन लागली की एका रात्रीत हुशार. मागच्या वेळी साखर फार कमी निघाली. आता डॉक्टर म्हणाले, मेटाबॉलिक असू शकेल, म्हणजे अन्नाचं शरीरात ऊर्जेत नीट रूपांतर न होण्याचा जन्मजात आजार; जेनेटिक्सला (आनुवंशिक आजारांच्या विभागात) दाखवा. मी सासूबाईंच्या भावाची मुलगी, त्यामुळे घरात कुजबुज सुरू झालीय. मुंबईला न्यावं की पुण्याला? आधी काय तपासून घेऊ?

साताऱ्याची आई: ताई, आधी कुजबुज बाजूला ठेवा. हे आजार बहुतेक वेळा आई आणि बाबा दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतात. नात्यात लग्न असेल तर शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या घरांतही अशी मुलं आहेत. माझी मुलगी त्यातलीच.

मुंबईलाच न्या. परळचं केईएम हे दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं केंद्र आहे (पुण्याचं केईएम वेगळं, गोंधळ करू नका). कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा, सकाळी दादरला उतराल. प्रत्येक ॲडमिशनचं डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आधीचं एखादं बाळ दगावलं असेल, घराण्यात कुणाचं असं झालं असेल तर तेही सांगा. लोक हे लपवतात आणि निदान लांबतं.

बालरोगतज्ज्ञ, ठाणे: या आजारांचा पुरावा आजारपणातच सापडतो. बाळ बरं झाल्यावर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. म्हणून पुढच्या वेळी ॲडमिट करताना डॉक्टरांना आठवण करा: सलाईन सुरू करतानाच रक्तातली साखर, अमोनिया आणि लॅक्टेट (आजारात रक्तात साचू शकणारे पदार्थ) आणि ब्लड गॅस (रक्तातल्या आम्लाची तपासणी), शिवाय पहिली लघवी. अमोनियाचं रक्त हाताला घट्ट पट्टा न बांधता काढून बर्फात ठेवून लगेच लॅबला जायला हवं, नाहीतर आकडा खोटा वाढतो. साखर कमी असताना लघवीत कीटोन (उपाशीपणी चरबी जळताना शरीरात बनणारे पदार्थ) आहेत का, हे जरूर बघा. चरबीपासून ऊर्जा न बनवता येणाऱ्या आजारांत ते अपेक्षेपेक्षा कमी असतात. मात्र रिपोर्टसाठी ग्लुकोजची सलाईन थांबवायची नाही.

सुक्या रक्ताच्या ठिपक्यांवरची टीएमएस (एकाच वेळी अनेक मेटाबॉलिक आजार शोधणारी तपासणी) आणि लघवीतली ऑरगॅनिक ॲसिड (अशा आजारांत लघवीत वाढणारी आम्लं) या तपासण्या नंतर येतात. जीन तपासणी जेनेटिक्सवाले सांगतील तेव्हाच, आधीच खासगी लॅबला पैसे घालू नका. आणि बाळाचं व तुमचं, दोघांचं बी-१२ करा. आई शाकाहारी असेल आणि तिचं बी-१२ कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाचे रिपोर्ट मिथाइलमॅलोनिक ॲसिडच्या आजारासारखे (हाही एक मेटाबॉलिक आजार) दिसू शकतात, आणि ते औषधाने सुधारतं.

बार्शीची आई: मी शाकाहारीच आहे, उद्याच रक्त देते. खर्चाचं कसं होतं?

साताऱ्याची आई: निदान झालं आणि आजार धोरणाच्या यादीत असला तर ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ती केईएमसारख्या केंद्रामार्फत उपचारासाठी मिळते, हातात नाही. चौकशी तिथेच करा.

बार्शीची आई: तोवर घरी काय सांभाळू? रात्री न जेवता झोपतो कधीकधी.

बालरोगतज्ज्ञ, ठाणे: उपाशी झोपू देऊ नका. झोपण्याआधी पेज, खीर, काहीतरी पोटात जाऊ दे. पहाटे उठवून पाजायचं का, ते तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. उलटी होऊन काहीच टिकत नसेल किंवा सुस्ती दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.