मदत हवी आहे: बेल्टवाल्या सीएनसीवर गोल काढला की अंडं येतंय!!

नवखा_राउटर: तीन रविवार गेले राव यात. घरी बेल्टवाला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) बनवलाय, सगळं नीट जोडलंय, मोटरी फिरतात, पण ५० मिमीचा गोल काढला की अंडं येतं. जीआरबीएलमधले (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एका मिमीला किती स्टेप्स ते बदलून बदलून वैतागलो. कुणीतरी बरोबर आकडा सांगा फक्त, ताईच्या नव्या घराची पाटी द्यायचीय पुढच्या आठवड्यात.

भोसरी_लेथ: पुली किती दातांची, ड्रायव्हर (मोटर चालवणारं कार्ड) कुठला, काहीच सांगितलं नाहीस, आम्ही काय पत्रिका मांडायची? आणि बेल्ट प्रिंटरला ठीक. लाकूड कापायचं तर बेल्टऐवजी बॉलस्क्रूच (आट्यांचा दांडा). मी बावीस वर्षं व्हीएमसीवर (कारखान्यातलं मोठं सीएनसी) आहे.

नवखा_राउटर: किटमधलाच आहे सगळा माल. जीटी२ बेल्ट, नेमा १७ मोटर, ड्रायव्हर लाल रंगाचा.

तापकीर_गल्ली: रंगावरून काय कळणार, चिपवर काय लिहिलंय ते वाच. खाली तिन्ही जंपर (पिना जोडायच्या टोप्या) लावले असतील तर ए४९८८ चिपला एका स्टेपचे १६ मायक्रोस्टेप (बारीक तुकडे) पडतात, डीआरव्ही८८२५ ला ३२. २० दातांची पुली, दात २ मिमीवर, म्हणजे एका फेरीत ४० मिमी. मोटरच्या एका फेरीचे स्टेप २००, गुणिले १६ म्हणजे ३२००, भागिले ४०, आले ८०. डीआरव्ही निघाला तर १६० टाक.

धूळखाऊ: मी तर राउटर (कापणारी मोटर) काढून लेझरच बसवला, भुसा नाही की आवाज नाही, बायकोपण खूश.

तापकीर_गल्ली: त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय. आणि गॉगल घालता ना?

नवखा_राउटर: ए४९८८ आहे, २० दात मोजले. ८० टाकलं तरी अंडंच.

चिंगी_थ्रीडी: अंडं अंडं म्हणतोयस पण चपटं नेमकं कुठे आहे? डावी-उजवीकडे का वर-खाली? आणि एक्सवर (डावी-उजवीकडे) एकाच दिशेने १०० मिमी पळव, मोज, मग उलटा आण आणि परत मोज.

नवखा_राउटर: डावी-उजवीकडे सरळ रेघ आल्यासारखं होतं. जाताना बरोबर १००, परत येताना दीड मिमी अलीकडेच थांबतं

चिंगी_थ्रीडी: मग स्टेप्सना हात लावू नकोस, ८० बरोबर आहे. दिशा बदलताना एक्समध्ये कुठेतरी प्ले (ढिलेपणा) आहे. मोटरचा शाफ्ट आणि पुली दोन्हींवर मिळून मार्करने एक रेघ मार, गाडा हाताने ढकल, रेघ तुटते का बघ.

भोसरी_लेथ: म्हणूनच म्हटलं बॉलस्क्रू. नाहीतर माक३ सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (प्ले भरून काढायची सेटिंग) टाक.

तापकीर_गल्ली: काका तो जीआरबीएलवर आहे, त्यात ती सोयच नाही. आणि स्वस्तातल्या बॉलस्क्रूलाही प्ले असतोच.

भोसरी_लेथ: स्वस्तातला घ्या म्हटलं कुणी?

नवखा_राउटर: सापडलं!! रेघ तुटली. पुलीला शाफ्टवर आवळणारे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), एक नुसता अडकवलेला, दुसरा शाफ्टच्या गोल बाजूवर. माझीच चूक, घाईत बसवलं. सपाट बाजूवर घेतला, १.५ ची अ‍ॅलन की शेजारच्या सायकलवाल्याकडून आणली. आता ५० ला ४९.९. चिंगीताई, मानलं!

चिंगी_थ्रीडी: वायच्या पुल्यापण बघ, त्यापण तूच बसवल्यास ना.

धूळखाऊ: पाटीचा रेट काय लावणार? आमच्या सोसायटीत बत्तीस फ्लॅट आहेत.